रुळला का

पुण्याहून फॉर्म येतो, चार पानी.
नवा माणूस नव्वद दिवसांत किती रुळला,
एक ते पाच आकड्यांत लिहून पाठवायचं,
महिनाअखेर, हेड ऑफिसला, न चुकता.

आमची कुपवाडची हळदीची फॅक्टरी.
हळकुंड मोजायला लॅब आहे:
कुरकुमिन किती टक्के, ओल किती,
रंगाची भेसळ आहे का.
माणूस मोजायला मी,
एक टेबल, एक शिक्का,
आणि तीन नंबरवरच फिरणारा पंखा.

केतकी उपाध्येनं सगळीकडं पाच दिले.
आपलेपणा वाटतो का? पाच.
वरिष्ठ ऐकून घेतात का? पाच.
अडचण सांगायला कुणी आहे का? पाच,
आणि अक्षर फ्रेम करून लावावं असं.
मी बेरीज केली, शंभरपैकी शंभर.
पुढच्या सोमवारी ती आलीच नाही.
फोन बंद.
तिचा ॲप्रन लॅबच्या खुंटीवर होता.
घडी घालताना पाहिलं,
तीन महिने हळदीत, आणि खिसा पांढराशुभ्र.

डबा ती पार्किंगमध्ये खायची,
स्कूटरच्या सीटवर ठेवून, उभ्यानं.
मला रोज खिडकीतून दिसायचं.
त्याला रकाना नव्हता.

सिद्धाप्पा बिराजदार जतकडचा, पार उमदीच्या पलीकडचा.
गोडाऊनला पोती मोजायला घेतला.
समोर बसला, टोपी मांडीवर.
"तीन म्हंजे किती हो मॅडम?"
म्हटलं, चांगलं पण नाही, वाईट पण नाही.
"मग तीनच लिवा की. सगळीकडं."
अहो, पण आपलेपणा वाटतो का?
"पगार एक तारखेला हुतोय."
म्हणजे किती लिहू?
"तीन."

पहिले पंधरा दिवस तो नळावर
नखं दगडानं घासायचा.
घरी उशी पिवळी झाली, बायको बोलते म्हणाला.
मग एके दिवशी घासायचं सोडलं.
याला रुळणं म्हणायचं की हात टेकणं,
मला ठरवता आलं नाही.
तारीख मात्र लिहून ठेवली,
कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्याशेजारी.

हल्ली मी शब्दही मोजते, चोरून.
"तुमचं मशीन आवाज करतंय"चं
"आपलं मशीन" कितव्या दिवशी होतं.
जिनेंद्र मगदूमला अडतीस दिवस लागले.
शमीम तांबोळीला एकच,
पण ती रिक्षावाल्यालाही आपला म्हणते,
तो आकडा मी धरला नाही.

सिद्धाप्पा पोती कानडीत मोजतो.
मराठीत मोजलं की एखादं निसटतं, म्हणतो.
सुपरवायझर अडसूळ पहिल्या आठवड्यात
त्याच्यावर केवढे खेकसले होते,
"माणसासारखं मोज की लेका, मला काय कळणार!"

काल गोडाऊनच्या दाराशी उभी होते,
थप्पीला टेकून.
केरळची गाडी भरत होती.
वही अडसूळांच्या हातात, पेन्सिल कानावर,
आणि अडसूळ आपल्याच नादात
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु...
हत्तुपर्यंत गेले आणि अडकले.
आतून, पोत्यांच्या मागून आवाज आला,
"हन्नोंदु!"
"हां, हन्नोंदु," अडसूळ म्हणाले
आणि वहीत रेघ ओढली.
कुणी हसलंसुद्धा नाही.

आता हे मी कुणाच्या नावावर मांडू?
सिद्धाप्पाच्या फॉर्मवर ओळीनं तीन आहेत,
त्याच्याच शब्दानं.
अडसूळांना सतरा वर्षं झाली,
त्यांचा फॉर्म येत नाही.
माझाही कधी आला नव्हता.
आले तेव्हा रुळलीस का असं
बॉयलरवरच्या एका म्हातारीनं विचारलेलं,
आणि उत्तराची वाट न बघता
अर्धा चहा बशीत ओतून दिला होता.

संध्याकाळी सगळे फॉर्म पाकिटात घातले.
पाकिटावर अंगठा उमटला, पिवळा.
ओल्या रुमालानं पुसायला गेले, पसरला.
कुरिअरवाला दारात घाई करत होता.
दिलं तसंच.